चाकांवरच्या घरांतील विजेचा हिशेब

भिंतीवरची कळ दाबली कीं दिवा लागतो. त्यामागें किती वीज खर्ची पडली, याचा विचार महिनाअखेरीस बिल हातीं येईपर्यंत सहसा कोणी करीत नाहीं. परंतु जें घर चाकांवर चालतें, त्यांत राहणाऱ्यास हा हिशेब रोज मांडावा लागतो. ब्रिटनमध्यें अशा मोटार-घरांतून प्रवास करणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत. त्यांच्या ठरलेल्या तळांवर बहुधा २३० व्होल्टांच्या विजेची जोडणी मिळते. पण स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांत, जमीनमालकाच्या संमतीनें एखाद्या सरोवराच्या कांठीं मुक्काम पडला, म्हणजे ही सोय नसते. मग गाडींत जेवढी वीज सांठविली असेल, तेवढीच त्या रात्रीची पुंजी.

ही पुंजी सांठविणारी बॅटरी इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीहून निराळी असते. इंजिनाच्या बॅटरीला क्षणभर मोठा प्रवाह द्यावयाचा असतो. घराच्या बॅटरीला थोडथोडा प्रवाह तासन्‌तास पुरवावयाचा असतो. दोहोंचे संसार वेगळे असल्यामुळें रात्रीं दिवे विझले तरी सकाळीं गाडी सुरू होते. १२ व्होल्टांची १०० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली, तर दोहोंचा गुणाकार करून १२०० वॅट-तास येतात. मात्र ही सर्व वीज वापरतां येत नाहीं. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यानें १८५९ सालीं शोधून काढलेली शिशाची बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणून तिचे ६०० वॅट-तासच खरे. लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीच्या बॅटरींतून सुमारें ९० टक्के वीज काढतां येते. पण ती स्वतः गोठणबिंदूखालीं गेली असतां चार्ज करूं नये, केल्यास आंतून बिघडते.

आतां चार माणसांच्या कुटुंबाचा ऑक्टोबर महिन्यांतील एका दिवसाचा खर्च मांडून पाहावा. ४ वॅटचे ४ एलईडी दिवे ४ तास लावले, तर ६४ वॅट-तास. फ्रिजचा कॉम्प्रेसर ४५ वॅट घेतो, पण दिवसाचा एक-तृतीयांश वेळच चालतो, त्याचे ३६०. गॅसवरील हीटरचा २५ वॅटचा पंखा १० तास चालला, त्याचे २५०. पाण्याच्या पंपास जेमतेम १०, आणि लॅपटॉप व फोन मिळून १३०. बेरीज ८१४ वॅट-तास, म्हणजे सुमारें ६८ अँपिअर-तास. शिशाच्या एका बॅटरीवर एक दिवसही निभत नाहीं. दोन असल्या तर जवळजवळ दीड दिवस निघतो.

या यादींत विजेची किटली नाहीं, हें लक्षांत घ्यावें. एक लिटर पाणी १५ अंशांवरून उकळीस आणण्यास सुमारें १०० वॅट-तास लागतात. तेवढ्या विजेवर ४ वॅटचा दिवा २५ तास जळतो! दिवसांतून चार वेळां असें पाणी उकळलें, कीं शिशाच्या बॅटरीचा दोन-तृतीयांश सांठा चहांतच बुडाला. शिवाय २००० वॅटची किटली घरांत ९ अँपिअरहून कमी प्रवाह घेते, तर १२ व्होल्टांच्या बॅटरींतून इनव्हर्टरमार्फत तीच १६५ अँपिअरहून अधिक ओढते. त्यासाठीं मनगटाएवढ्या नव्हे, तरी बोटाएवढ्या जाड तारा हव्यात. आणि इनव्हर्टर आपली दलाली म्हणून दहाव्या भागाच्या आसपास वीज खातो, ती वेगळीच. यावरून एकच नियम निघतो: उष्णतेचें काम गॅसवर टाकावें आणि वीज दिवे, पंखा व पंप यांसाठीं राखावी.

खर्चाइतकीच जमेची बाजू महत्त्वाची. छतावरील सौरफलकावर उन्हाळ्यांत भिस्त ठेवतां येते. परंतु इन्व्हर्नेस शहरीं २१ जूनला दिवस सुमारें १८ तासांचा असून मध्यान्हीं सूर्य ५६ अंश उंच चढतो. २१ डिसेंबरला दिवस साडेसहा तासांचा आणि सूर्य अवघा ९ अंश वर. अशा वेळीं छतावर सपाट पडलेला फलक उन्हाळ्याच्या एक-दशांशही वीज देत नाहीं. तेव्हां उरतो तो प्रवास. इंजिन व घर यांच्या बॅटऱ्यांमध्यें ३० अँपिअरचा चार्जर बसविला असेल, तर अडीच तास गाडी चालविल्यानें सुमारें ७५ अँपिअर-तास परत मिळतात आणि वरील एका दिवसाचा खर्च भरून निघतो. शिशाची बॅटरी मात्र शेवटचा पांचवा हिस्सा फार सावकाश घेते, हें गृहीत धरावें.

१२ व्होल्टांचा धक्का बसत नाहीं, म्हणून ही वीज निरुपद्रवी समजणें चुकीचें आहे. तारा एकमेकींस चिकटल्या, तर त्या लाल होऊन आग लागते. यास्तव फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ असावा. इनव्हर्टरमधून निघणारी २३० व्होल्टांची वीज घरांतल्याइतकीच प्राणघातक असते. पेट्रोलवरील जनित्र गाडींत किंवा खिडकीजवळ चालवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि झोपलेला माणूस त्यानें जागा होत नाहीं. त्याची सूचना देणारी घंटा गाडींत असलीच पाहिजे.

सर्वांत बोधप्रद गोष्ट हीटरची आहे. तो जळतो गॅसवर. पण त्याची ठिणगी, नियंत्रण आणि पंखा चालतात बॅटरीवर. सायंकाळीं मोठ्या पडद्यावर चित्रपट पाहण्यांत आणि केस वाळविण्यांत बॅटरी संपली, तर पहाटे बाहेर दंव पडलेलें असतांना गॅसचा सिलिंडर भरलेला राहतो आणि मुलें मात्र कुडकुडत उठतात. म्हणून निजण्यापूर्वीं मापकावर नजर टाकून, रात्रभर लागणारी वीज प्रथम बाजूला काढावी, आणि उरेल त्यांतूनच सायंकाळची हौस भागवावी. अंथरूण पाहून पाय पसरण्याची ही शिकवण आपल्याकडे जुनीच आहे. चाकांवरच्या घरांत अंथरूण किती लांब, तें अँपिअर-तासांत मोजावें लागतें, इतकेंच.