कॅमेऱ्याचे सेल लवकर का उतरतात?



यंदा एसएसएलसीच्या मुलांच्या निरोप समारंभात सामूहिक फोटो निघण्याआधीच शाळेचा डिजिटल कॅमेरा बंद पडला. सेल आदल्या दिवशी चार्ज केलेले होते. "कॅमेराच गेला, आता नवा घ्या" अशी सूचना लगेच आली आणि ती विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवरही आहे. हल्ली सर्वांच्या खिशात मोबाइल असतो, मग कॅमेरा हवाच कशाला, असेही काही पालकांनी विचारले. मुलांना आपण शाळेत मोबाइल आणू देत नाही आणि शिक्षकांच्या मोबाइलमधले फोटो मोबाइल बदलला की हरवतात. शाळेचे फोटो शाळेच्या ताब्यात राहिले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तेव्हा खर्च करण्यापूर्वी दोष कॅमेऱ्यात आहे, सेलमध्ये आहे की चार्जरमध्ये, हे तपासून घेऊ.

आधी एक कोडे. आपला कॅमेरा दोन पेन्सिल सेलवर चालतो. कॅमेरा ज्याला "उतरला" म्हणतो तोच सेल भिंतीवरच्या घड्याळात घातला तर घड्याळ कित्येक आठवडे बिनतक्रार चालते. मग सेल उतरलेला आहे की नाही?

उत्तर मागणीत आहे. घड्याळाला एक मिलीअँपिअरहूनही कमी विद्युतधारा पुरते. कॅमेऱ्याला मात्र पडदा उजळायचा असतो, भिंग पुढे-मागे सरकवायचे असते, फ्लॅश भरायचा असतो. त्यासाठी तो काही शे मिलीअँपिअर, आणि क्षणभर एक अँपिअरच्याही वर धारा ओढतो. प्रत्येक सेलच्या आत थोडा रोध असतोच. (मी हिंदी माध्यमातून शिकलो, तिथे याला आंतरिक प्रतिरोध म्हणत, तुमच्या पुस्तकात तो अंतर्गत रोध आहे. नाव बदलले तरी ओहमचा नियम तोच.) समजा चांगल्या सेलचा रोध ०.०३ ओहम आहे आणि झिजलेल्या सेलचा ०.३ ओहम. एक अँपिअर धारा वाहिली की चांगल्या सेलचे विभवांतर १.२ व्होल्टवरून जेमतेम १.१७ होते, झिजलेल्याचे ०.९ वर येते. दोन सेलचे मिळून १.८ व्होल्ट. कॅमेरा साधारण दोन व्होल्टच्या खाली गेला की स्वतःला बंद करून घेतो. म्हणजे टाकीत पाणी आहे, पण आपल्याकडच्या जड पाण्याने नळाचे तोंड क्षाराने बुजले आहे. घागर ठिबकत ठिबकत भरेल, पण मोठी धार लागणार नाही. म्हणूनच नुसता मल्टिमीटर लावून "सेल १.२५ व्होल्ट दाखवतो, ठीक आहे" म्हणण्यात अर्थ नाही. सेलवर भार टाकूनच विभवांतर मोजले पाहिजे. नववी-दहावीच्या मुलांनी प्रयोगशाळेत टॉर्चचा बल्ब जोडून हे करून पाहावे.

आता तपासणी. सर्वांत आधी कॅमेऱ्याचे सेलचे झाकण उघडून आतल्या पट्ट्या बघाव्यात. पट्टीवरची काळपट पुटी हाही रोधच असतो. कोरड्या सुती कापडाने किंवा पेन्सिलीच्या खोडरबराने पट्ट्या आणि सेलची दोन्ही टोके पुसावीत, खोडरबराचा भुगा झटकून टाकावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. नंतर कॅमेऱ्याच्या मेन्यूत सेलचा प्रकार निवडायची सोय आहे का ते पाहावे. काही कॅमेऱ्यांत असते. अल्कलाइन सेल दीड व्होल्टपासून सावकाश उतरत जातो, तर आपला निकेल-मेटल हायड्राइड सेल बराच काळ १.२ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो आणि शेवटी एकदम पडतो. कॅमेरा अल्कलाइनवर लावलेला असेल तर १.२ व्होल्ट पाहून त्याला सेल अर्धा संपल्यासारखाच वाटतो. एवढे करूनही फरक पडला नाही तर कोणाकडून तरी खात्रीचे, नुकतेच चार्ज केलेले दोन सेल आणून घालावेत. कॅमेरा नीट चालला तर तो निर्दोष. मग संशय सेल आणि चार्जर यांच्यावर.

आपल्या शाळेत घडते ते असे. १५ ऑगस्टसाठी सेल चार्ज होतात, झेंडावंदनाचे दहा-बारा फोटो निघतात, कॅमेरा कपाटात जातो. मग १७ सप्टेंबरला, कल्याण कर्नाटक उत्सव दिनाला, तेच सेल "चार्ज केलेले आहेत" म्हणून बाहेर येतात. मधे ३३ दिवस गेलेले असतात. जुन्या धर्तीचा निकेल-मेटल हायड्राइड सेल नुसता पडून राहिला तरी महिन्याभरात साधारण पाव ते तिसरा हिस्सा चार्ज गमावतो, आणि गरमीत त्याहून जास्त. कलबुर्गीकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. बंद कपाटात तर विचारूच नका. २००५ पासून बाजारात कमी झिरपणारे सेल मिळतात, ते वर्षभर ठेवले तरी बराचसा चार्ज राखून असतात. वेष्टनावर "प्री-चार्ज्ड" किंवा "रेडी टू यूज" असे लिहिलेले असते. वर्षातून पाच-सहा वेळाच कॅमेरा काढणाऱ्या आपल्यासारख्या शाळेने हेच घ्यावेत. जुने सेल वापरायचे असतील तर समारंभाच्या आदल्या दिवशी पुन्हा चार्ज करावेत.

चार्जरबाबत एक सोपे गणित. सेलवर मिलीअँपिअर-तासाचा आकडा असतो आणि साध्या चार्जरवर तो किती मिलीअँपिअर देतो ते असते. पहिल्या आकड्याला १.४ ने गुणून दुसऱ्याने भागा. २००० चा सेल आणि २०० चा चार्जर असेल तर १४ तास. संध्याकाळी सातला लावलेला सेल रात्री अकराला काढला तर तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भरतो. जुन्या चार्जरमध्ये ठरावीक वेळेनंतर बंद होणारे घड्याळ असते. ते लहान क्षमतेच्या सेलसाठी बसवलेले, त्यामुळे मोठा सेल अर्धवट भरूनही दिवा मात्र हिरवा होतो. दोन सेल मिळून एकच जोडी चार्ज करणाऱ्या चार्जरमध्ये एक सेल आधीच अर्धा भरलेला असेल तर तो जादा तापतो आणि दुसरा उपाशी राहतो. म्हणून सेलची जोडी मोडू नये. नववीच्या दोन मुलांनी सेलवर अ-१, अ-२ असे क्रमांक घालून वहीत चार्जची तारीख लिहायची, असे मी ठरवले आहे. आणि उन्हाळ्यात चार्जर खिडकीच्या उन्हात ठेवू नये.

सेल खरेदी करताना मोठ्या आकड्याला भुलू नका. या आकाराच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलची खरी क्षमता २५०० ते २८०० च्या पलीकडे जात नाही. ४००० किंवा ५००० छापलेले असेल तर समजून घ्या. प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलले तरी कळते: चांगला सेल २६ ते ३१ ग्रॅम भरतो, खोटा बराच हलका. याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात, ते चुकूनही घालू नका. कॅमेरा जळेल.

"सेल पूर्ण उतरवूनच चार्ज करावा" हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. आपल्या सेलला टॉर्चमध्ये घालून पार संपवले तर नुकसानच होते. मात्र खूप दिवस पडून राहिलेला सेल तीन-चार वेळा पूर्ण चार्ज करून कॅमेरा बंद पडेपर्यंत वापरला की पुष्कळदा सुधारतो. तोपर्यंत त्याला रद्दीत काढू नये.

साधा सेल मात्र कधीही चार्जरमध्ये लावू नका. जुन्या पद्धतीच्या टॉर्च सेलचे कवच जस्ताचे आणि आत नवसागर. बिदरच्या मुलांना दोन्ही ओळखीचे: बिदरी कामाचा धातू मुख्यतः जस्तच, आणि तो काळा करायला किल्ल्याची माती व नवसागर लागतो. त्या सेलमध्ये वीज देता देता कवचाचे जस्तच खर्ची पडते. उलट वीज सोडून ते कवच पूर्ववत होत नाही. सेल फुगतो, पाझरतो आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्या खातो.

सहलीला पडदा सतत पेटता ठेवू नये, डोळ्याला लावायची खिडकी असेल तर तिच्यातून पाहावे. दर फोटोला कॅमेरा चालू-बंद केला तर भिंग सरकवण्यातच सेल खर्च होतो. फ्लॅश सर्वांत खादाड. अष्टूरला अहमदशहा वलीच्या घुमटात अंधार असतो खरा, पण तिथल्या रंगीत नक्षीच्या भल्यासाठीही फ्लॅश बंदच असावा. कॅमेरा भिंतीला टेकवून स्थिर धरला तर फोटो येतो.

तेव्हा विश्वस्तांना विनंती की नव्या कॅमेऱ्याचा विषय तूर्त बाजूला ठेवून कमी झिरपणारे चार सेल आणि प्रत्येक सेल वेगळा चार्ज करणारा एक चार्जर मंजूर करावा. त्यावरही कॅमेरा बंद पडला तर मी स्वतः नव्याची मागणी मांडीन. बाद झालेले सेल कचऱ्यात किंवा शेकोटीत टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ते घरच्या कचऱ्यापासून वेगळे ठेवायचे असतात. प्रयोगशाळेच्या दाराशी त्यासाठी एक डबा ठेवला आहे, घरचे सेलही त्यात आणून टाकावेत.