रिझर्व्हचा कॉक गेला, सोबत काय गेलं?

रोजची यंत्रं : लेखांक ९

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली आणि तिच्या जाहिरातीतलं ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ घरोघरी पोचलं. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या मायलेजचं ते कौतुक होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण विसरण्याची ती मुभा निव्वळ मायलेजच्या जोरावर मिळालेली नव्हती. टाकीच्या खाली डाव्या अंगाला एक छोटा कॉक असे. मालक विसरला तरी तो विसरत नसे. त्या काळच्या कित्येक गाड्यांना पेट्रोलचा काटाच नव्हता. गाडी आचके देऊ लागली की हात आपोआप खाली जाई, कॉक फिरे आणि गाडी रिझर्व्हला लागल्याचं कळे. मागच्या आठवड्यात आपण चोकबद्दल वाचलं. फ्युएल इंजेक्शनने चोकप्रमाणेच हा कॉकही निकालात काढला आणि त्याच्या जागी काटा, पडद्यावरच्या पट्ट्या आणि लुकलुकणारा दिवा आला. याला आपण सुधारणा म्हणतो. मला ती निम्मीच सुधारणा वाटते. चालवणाऱ्याला मिळणारी माहिती वाढली, पण त्याला मिळणारा इशारा दुबळा झाला. त्यामुळे रस्त्यात पेट्रोल संपलं की सगळं खापर त्याच्या गाफीलपणावर फोडणं बरोबर नाही.

रिझर्व्ह म्हणजे टाकीच्या आत दडलेली दुसरी छोटी टाकी, असा समज अजूनही आहे. टाकी एकच असते. कॉक सोडवून बाहेर काढला, तर त्याच्या डोक्यावर बोटभर उंचीची एक नळी उभी दिसते, तिच्याभोवती बारीक जाळी आणि पायथ्याशी दुसरं एक भोक. कॉक ‘ऑन’वर असताना पेट्रोल फक्त नळीच्या वरच्या तोंडातून खाली उतरतं. पातळी त्या तोंडाखाली गेली की टाकीत पेट्रोल असूनही कार्ब्युरेटरला मिळत नाही. ‘रिझर्व्ह’वर फिरवला की पायथ्याचं भोक मोकळं होतं आणि तळाशी राहिलेलं लिटर-सव्वा लिटर वापरता येतं. यात ना वायर, ना सेन्सर. नळीची उंची कारखान्यात ठरली, म्हणून शिल्लकही ठरलेली. चढ-उतारावर थोडा फरक पडे, पण ६० चं मायलेज देणाऱ्या गाडीला सव्वा लिटरवर साधारण ७५ किलोमीटर मिळतील, हा हिशेब कुणालाही तोंडी करता येई. म्हणजे या कॉकचे गुण दोन. किती शिल्लक आहे ते तो नेमकं सांगे, आणि तुम्ही हात लावल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नसे. या दुसऱ्या गुणाची किंमत आपण ओळखली नाही.

कॉक गेला तो कुणाच्या लहरीखातर नाही. अनेक बिनगियरच्या स्कूटरवरून तो आधीच हद्दपार झाला होता. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ चे निकष लागू झाले आणि धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर इतकी कडक मर्यादा आली, की बहुतेक दुचाकींना कार्ब्युरेटर सोडावा लागला. कार्ब्युरेटरला पेट्रोल नुसतं वरून खाली ओघळलं तरी चाले. इंजेक्टरला ते दाबाने लागतं आणि तो दाब टाकीत बसवलेला विजेचा पंप देतो. अशा रचनेत हाताने फिरवायच्या कॉकला जागाच उरली नाही. धूर कमी झाला, सकाळी गाडी पटकन सुरू होऊ लागली, हे फायदे खरेच आहेत आणि त्यांच्यावर पाणी सोडून मागे जावं असं कुणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच, की कॉकचं काम ज्याच्याकडे सोपवलं, त्याला ते जमतं का?

टाकीत एक तरंगता फ्लोट असतो, त्याला जोडलेली दांडी पातळीबरोबर वर-खाली होते आणि विजेचा रोध बदलते. काटा हलतो तो त्या बदलावर. पण मोटरसायकलची टाकी सरळ डब्यासारखी नसते. वर रुंद, खाली निमुळती, मधून फ्रेमचा दांडा गेलेला. त्यामुळे वरच्या भागात पातळी बोटभर उतरली की बरंच पेट्रोल गेलेलं असतं आणि तळाशी तेवढीच उतरली तर थोडंसंच. गाडी साइड स्टँडवर कलली की आकडा बदलतो, घाट चढताना पेट्रोल मागे सरकलं की बदलतो, खड्ड्यांत हिंदकळलं की बदलतो. हा गोंधळ लपवायला काटा मुद्दाम संथ ठेवतात. काटा जो आकडा दाखवतो तो अंदाज असतो, आणि अंदाज सगळ्यात कच्चा असतो तो नेमका तळाशी, जिथे त्याची गरज सगळ्यात जास्त. चढावर लागलेला दिवा सपाटीवर विझतो, पुन्हा लागतो. आठ-दहा वेळा असं झालं की चालवणारा त्याच्याकडे बघणं सोडून देतो.

त्यातून आपल्याकडे पेट्रोल भरण्याची रीत वेगळी. टाकी फुल करणारे थोडे. ‘शंभरचं टाका’ म्हणणारे पुष्कळ. महाराष्ट्रात पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडल्यापासून शंभराच्या नोटेत लिटरभरही येत नाही. अशा गाडीचा काटा कायम लालमध्येच असतो आणि दिवा पंपावरून निघतानाही लागलेला असतो. सतत लागलेला दिवा काहीच सांगत नाही. एक लिटर शिल्लक असतानाही तो तसाच, शेवटचा पेलाभर उरला असतानाही तसाच. खाण्याच्या ऑर्डरी पोचवणारी मुलं, रोज तालुक्याला ये-जा करणारे नोकरदार असे टाकीच्या तळावरच दिवस काढणारे चालक नेमके या दिव्याच्या उपयोगाबाहेर राहतात.

हे सगळं चालवून घेता आलं असतं, पण पेट्रोल संपण्याची किंमतही आता वाढली आहे. टाकी फ्रेमच्या दांड्यावर खोगिरासारखी बसते. कॉक एका बाजूला असल्यामुळे दुसऱ्या कुशीतलं पेट्रोल मधला उंचवटा ओलांडू शकत नसे. गाडी कॉकच्या अंगाला तिरकी केली की ते इकडे येई आणि पुढच्या पंपापर्यंतची सोय होई. आपण याला जुगाड म्हणत आलो, पण त्यामागे टाकीच्या आकाराचं साधं गणित होतं. मित्राच्या गाडीच्या कॉकची नळी ओढून बाटलीत अर्धा लिटर काढून घेणंही सोपं होतं. इंजेक्शनच्या गाडीत कॉक नाही, नळीत दाब असतो, त्यामुळे हा दरवाजा बंद. पंपाला थंडावा मिळतो तो त्याच्यातून वाहणाऱ्या पेट्रोलचाच, म्हणून टाकी वारंवार कोरडी पडू देणं त्याच्या मुळावर येतं. राहता राहिली पाण्याची रिकामी बाटली घेऊन पंपावर जाण्याची वाट. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विनापरवाना थोडं पेट्रोल जवळ ठेवण्यासाठी काच, चिनी माती किंवा धातूचं घट्ट झाकणाचं भांडं सांगितलं आहे. प्लास्टिकच्या बाटलीचं नाव त्यात नाही. पंपावरचा माणूस नकार देतो तो आडमुठेपणाने नव्हे. मग उरतं ते टोचन, म्हणजे दुसऱ्या गाडीवरच्याने फूटरेस्टला पाय लावून ढकलत नेणं, आणि वाहत्या रस्त्यावर ते दोघांच्याही जिवाशी खेळणं आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की कॉक इशारा देई तो गाडीच बंद पाडून. घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना इंजिनाने मान टाकली तर? आक्षेप रास्त आहे. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल उरलेलं असे, त्यामुळे इंजिन एकदम न थांबता आधी अडखळे आणि डावा हात खाली नेऊन चालत्या गाडीवर कॉक फिरवायला काही क्षण मिळत. तरी धोका होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप याहून जड आहे. पेट्रोल भरल्यावर कॉक पुन्हा ‘ऑन’वर आणायला लोक विसरत. मग पुढच्या खेपेला रिझर्व्हही नकळत संपून जाई आणि गाडी कसलाही इशारा न देता थांबे. शंभरचं टाकणारे तर कॉक कायम रिझर्व्हवरच ठेवत. म्हणजे कॉक भरवशाचा होता तो शिस्तीच्या माणसापुरता. हे दोन्ही आक्षेप मान्य केले, तरी त्यांतून निघतं ते एवढंच, की अडवण्याची वेळ चुकीची होती आणि अडवणारी कळ पूर्ववत करणं माणसाच्या हाती होतं. अडवणं चुकीचं होतं, हे त्यातून सिद्ध होत नाही.

तिसरा आक्षेप : आता पंप जागोजागी आहेत, एवढा विचार कशाला? शहरात हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण जिथे चूक महाग पडते तिथली माणसं कशावर विसंबतात ते पाहावं. मनाली-लेह मार्गावर लाहौलमधल्या तांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी पाटी प्रसिद्ध आहे आणि पुण्या-मुंबईकडून लडाखला जाणारे शेकडो जण तिथे टाकी काठोकाठ भरतात. तेरा लिटरची टाकी, पस्तीसचं मायलेज, म्हणजे कागदावर ४५५ किलोमीटर. पण चढ, सामान, खालच्या गियरवरचा प्रवास धरला की कागदावरचं पुरत नाही, म्हणून सोबत कॅन घेतात. तिथे काट्यावर कुणी भिस्त ठेवत नाही. सगळा कारभार लिटर आणि किलोमीटरच्या आकड्यांवर चालतो. गावातल्या चालकाला तोच आकडा मिळू नये, याला तांत्रिक कारण नाही.

कारण इंजेक्टर किती वेळा आणि किती क्षण उघडला हे इंजिनाच्या संगणकाला ठाऊक असतं, म्हणजे जळलेल्या पेट्रोलचा हिशेब त्याच्याकडे आहेच. यामाहा आर १५ आणि केटीएम ड्यूक यांसारख्या गाड्यांत पेट्रोल रिझर्व्हच्या पातळीला आलं की ‘ट्रिप एफ’ नावाचा मीटर शून्यापासून आपोआप धावू लागतो आणि तिथून किती किलोमीटर झाले ते दाखवतो. पेट्रोल भरल्यावर तो स्वतःच मागे हटतो, म्हणजे विसरण्याचा आक्षेप इथे निकालात निघतो. कॉकचा पहिला गुण असा परत आला. दुसऱ्याचं काय? साइड स्टँडच्या बाबतीत कंपन्यांनी त्याचं उत्तर आधीच दिलं आहे. पूर्वी स्टँड खाली असल्याचा नुसता दिवा लागे आणि लोक तसेच निघत. आता अनेक गाड्यांत स्टँड खाली असताना गियर टाकला की इंजिन बंद पडतं. नुसतं सांगून भागत नाही, अडवावं लागतं, हे त्यांनी तिथे मान्य केलं. पेट्रोलसाठीही तेच करता येईल : चालत्या गाडीला हात न लावता, रिझर्व्हवर असलेली गाडी सुरू करताना एक बटन दाबून ‘कळलं’ अशी कबुली घ्यायची आणि पडद्यावर उरलेले किलोमीटर दाखवायचे. घाटातला धोकाही त्यात राहत नाही.

तोवर चालवणाऱ्याने आपली सोय आपणच करावी. टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि दिवा पहिल्यांदा सपाट रस्त्यावर लागेल तेव्हाचा आकडा लक्षात ठेवावा. पुढच्या खेपेपासून तो आकडा, त्यातून दहा टक्के वजा करून, आपली हद्द मानावी. ही वजावट गरजेची आहे, कारण मागे बसलेला माणूस, घाट आणि टायरची कमी हवा मायलेज खातात. शिवाय जुन्या दुचाकींच्या मायलेजमध्ये २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर ३ ते ४ टक्के घट धरावी, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं आहे. शंभरचंच टाकणाऱ्याने निदान एकदा दोन लिटर जास्त भरून ते तळाशी कायमचे ठेवावेत. पैसे एकदाच जातात आणि दिव्याला पुन्हा अर्थ येतो. यात शिस्त लागते, हे खरं. पण करोडो माणसांच्या शिस्तीवर उभी राहणारी व्यवस्था कच्चीच म्हणायची. हे काम पुन्हा गाडीकडेच गेलं पाहिजे, आणि नवी गाडी घेताना ‘रिझर्व्ह किती लिटर, आणि ते लागल्याचं मला कसं कळणार?’ हे शोरूममध्ये मायलेजच्या आधी विचारलं गेलं पाहिजे.

(पुढील लेखांकात : मायलेजचा आकडा मोजतात कसा, आणि रस्त्यावर तो कमी का भरतो.)