आठ जीबीत न मावणारा खेळ

आदिलाबादहून राष्ट्रीय महामार्ग ४४ धरला, की पैनगंगा ओलांडून नागपूर साधारण दोनशे किलोमीटर आणि उलट दिशेला हैदराबाद तीनशे. पाच-सहा वर्षांपूर्वीचा गेमिंग लॅपटॉप अडखळू लागला, की या दोहोंपैकी एखाद्या शहरातून नवा आणावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला घाईचा आहे. पुष्कळदा यंत्र थकलेलं नसतं, त्याला रॅम अपुरी पडत असते. २०१९च्या सुमारास जीटीएक्स १६५० ग्राफिक्सचे जे लॅपटॉप आले, त्यांतल्या अनेकांत आठ जीबीची एकच पट्टी होती आणि शेजारचा स्लॉट रिकामा. त्या काळी ते पुरत होतं. २०१५ साली संगणकावर आलेल्या जीटीए फाइव्हची शिफारसच आठ जीबीची होती. सायबरपंक २०७७ला मात्र २०२३च्या मोठ्या अपडेटनंतर किमान बारा जीबी लागतात. विंडोज आणि ब्राउझर त्यातलाच वाटा घेतात. रॅम भरली, की विंडोज उरलेला माल डिस्कवर ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. एसएसडीसुद्धा रॅमच्या मानाने फारच संथ, म्हणून खेळ ऐन वळणावर क्षणभर गोठतो. त्यात एकाच पट्टीमुळे माहितीची ये-जा एकाच वाटेने होते. डीडीआर४ची २६६६ वेगाची एक पट्टी सेकंदाला सुमारे २१ जीबी माहिती पोचवू शकते. जोडीने बसवल्या तर ही क्षमता दुप्पट होते. नुसत्या जीबीच्या आकड्याकडे पाहणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही.

पण दुखणं रॅमचंच आहे, हे आधी ठरवायला हवं. खेळ चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. मेमरी नव्वद टक्क्यांवर चिकटलेली असेल, तर पट्टी घ्यावी. मेमरीत जागा शिल्लक आहे आणि पंधरा-वीस मिनिटांनी खेळ मंदावतो, तर संशय उष्णतेवर घ्यावा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जाणाऱ्या या कापसाच्या जिल्ह्यात पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि तंतू साचणं नवल नाही. तिथे पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलण्याचा खर्च आधी करावा. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची चार जीबी मेमरी तर पक्की जोडलेली असते. रॅम वाढवली म्हणून ती वाढत नाही.

आता रॅम स्वस्त कुठे राहिली, असं कोणी म्हणेल. खरं आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली, की २०२५च्या अखेरीस भाव भडकले आणि त्याच डिसेंबरात मायक्रॉनने क्रूशल हा किरकोळ विक्रीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. पण ही महागाई नव्या लॅपटॉपच्या किमतीतही शिरतेच. इथे आपण एकच पट्टी घेतो, तिथे सगळं यंत्र. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विंडोज १०ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली आणि इंटेलच्या सातव्या पिढीचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले, तर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा लॅपटॉपवर फार पैसा घालू नये, हे मला मान्य आहे. आठव्या पिढीपासून पुढच्यांना मात्र ही अडचण सहसा नसते.

खरेदीपूर्वी रिकामा स्लॉट आहे का आणि रॅम डीडीआर४ आहे का, हे पाहावं. डीडीआर३ची किंवा डीडीआर५ची पट्टी त्या खाचेत बसतच नाही, आणि काही लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच जोडलेली असते. खालचं झाकण काढल्यावर आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. कोरड्या हवेत अंगावर साचलेली स्थिर वीज चिप जाळू शकते, म्हणून नायलॉनच्या चादरीवर काम करू नये. पट्टी तिरकी सरकवून दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या लागेपर्यंत खाली दाबावी. पहिल्यांदा सुरू करताना पडदा थोडा वेळ काळा राहू शकतो, कारण यंत्र नव्या पट्टीशी जुळवून घेत असतं. तेवढा वेळ बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. मग टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही स्लॉट भरलेले दिसतात का ते पाहावं आणि तोच खेळ, त्याच वळणापासून, पुन्हा लावावा.