दोघांचा डाव

फिनलंडमधल्या व्हिएरुमाकी या क्रीडाग्रामात 2008 साली कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून दगड सरकवण्याच्या खेळाच्या, मिश्र दुहेरीची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि स्वित्झर्लंडने ती जिंकली. पुढची काही वर्षे हा जणू स्विस मंडळींचा घरगुती सोहळाच होता. 2018 पर्यंतच्या अकरा स्पर्धांपैकी सात त्यांच्या. उरलेल्या चारांत दोनदा रशिया आणि दोनदा चक्क हंगेरी.

हंगेरीचे नाव वाचून थबकायला होते. चौघांच्या पारंपरिक कर्लिंगमध्ये कॅनडा, स्कॉटलंड, स्वीडन यांच्या पंगतीत बसायचे तर तोलामोलाचे चार खेळाडू लागतात आणि त्यांना वर्षानुवर्षे बर्फ मिळावा लागतो. इथे दोघे पुरतात. डोरोट्या पालांचा आणि झोल्ट किश यांनी 2013 आणि 2015 मध्ये विजेतेपद नेले. 2024 च्या अंतिम सामन्यात तर एस्टोनिया होता. उलट कर्लिंगची महासत्ता कॅनडा! 2018 चे ऑलिंपिक सुवर्ण त्यांचे, पण 2025 पर्यंत मिश्र दुहेरीचे जागतिक विजेतेपद एकदाही नाही.

खेळाची मांडणीच वेगळी आहे. चौघांच्या सामन्यात दहा डाव आणि प्रत्येक डावात संघाचे आठ दगड. इथे आठ डाव आणि पाच दगड. शिवाय कॅरमच्या सोंगट्यांसारखा दोन्ही संघांचा एकेक दगड आधीच मांडलेला असतो. एक जोडीदार पहिला आणि पाचवा दगड सोडतो, मधले तीन दुसरा. दोन्ही संघांचे मिळून सोडलेल्या चौथ्या दगडापूर्वी कुणाचाही दगड खेळाबाहेर उडवता येत नाही, त्यामुळे लक्ष्याच्या वर्तुळात गर्दी होते आणि एका डावात तीन-चार गुण सहज उलटेपालटे होतात. सामन्यात प्रत्येक संघाला एकदाच ‘पॉवर प्ले’ घेऊन मांडलेले दगड बाजूला सरकवता येतात. आणि दमछाक? सुमारे वीस किलोचा दगड सोडायचा, उठायचे आणि आपणच त्याच्यापुढे ब्रश घासत धावायचे.

दोघांचा संघ म्हटला की नातीही बर्फावर उतरतात. नॉर्वेचे क्रिस्टिन स्कास्लिएन आणि मॅग्नस नेड्रेगॉटन हे दांपत्य. स्वीडनला 2024 चे जागतिक विजेतेपद मिळवून देणारे इसाबेला आणि रास्मुस व्रानो भावंडे. स्वित्झर्लंडच्या जेनी पेरे आणि मार्टिन रिओस यांची कथा कादंबरीत शोभावी अशी: प्रेमसंबंध संपले, खेळातली जोडी टिकली आणि 2018 मध्ये ऑलिंपिक रौप्यही आले. त्याच ऑलिंपिकमध्ये रशियन जोडीचे कांस्य मेल्डोनियम या बंदी असलेल्या औषधाच्या चाचणीत गेले. ते नॉर्वेच्या वाट्याला आले.

2022 च्या बीजिंग ऑलिंपिकचे नाट्य मात्र पदकांपेक्षा सरस. कर्लिंगसाठी खास बर्फाचे एकही मैदान नसलेल्या ऑस्ट्रेलियाकडून ताहली गिल आणि डीन ह्युइट आले होते. ओळीने सात पराभव झाले, त्यात गिलची कोविड चाचणी सकारात्मक आली आणि परतीची बांधाबांध सुरू झाली. ऐनवेळी खेळण्याची परवानगी मिळाली. त्याच दिवशी त्यांनी आधी स्वित्झर्लंडला आणि मग कॅनडाला 10-8 असे हरवले. दुसऱ्या दिवशी इटलीने जादा डावात कॅनडाला नमवून घरी पाठवले. त्या इटलीने, म्हणजे स्टेफानिया कॉन्स्टान्टिनी आणि आमोस मोझानेर यांनी, अकराच्या अकरा सामने जिंकून देशाला कर्लिंगचे पहिले ऑलिंपिक पदक दिले, तेही सोन्याचे! हीच जोडी 2025 मध्ये जगज्जेती झाली.

स्त्री-पुरुषांच्या चौकडीची जागतिक स्पर्धा 2015 पासून वेगळी भरते, पण ती ऑलिंपिकमध्ये नाही आणि प्रसिद्धीचा झोतही तिच्यावर फारसा पडत नाही. व्हीलचेअरवरची मिश्र दुहेरी 2022 मध्ये फिनलंडच्याच लोहया गावात सुरू झाली आणि पहिले विजेतेपद स्वीडनने पटकावले. 2026 च्या पॅरालिंपिकमध्ये तिला जागा मिळाली. या प्रकारात बर्फ घासणे नाही. थांबलेल्या खुर्चीवरून, बहुतेकदा लांब काठीने, दगड सोडायचा. एकदा तो सुटला की त्याचा वेग किंवा दिशा बदलायला काहीच करता येत नाही.