दीपनगरची तहान आणि शहरांचे सांडपाणी

भुसावळनजीकच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राला दोन गोष्टी अखंड लागतात : कोळसा आणि पाणी. कोळसा दुरून रेल्वेने आणता येतो. पाण्याची तशी सोय नाही. ते तापीवरील हतनूर जलाशयातून घ्यावे लागते, आणि त्याच जलाशयावर भुसावळ शहर, रेल्वे, आयुध निर्माणी तसेच यावल-चोपड्याकडील शेती यांचीही भिस्त आहे. जलाशयात गाळ साचत असताना आणि मागणी वाढत असताना वीज केंद्राची तहान नदीनेच का भागवावी, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

या केंद्रात पाण्याची कामे दोन आहेत. बॉयलरमध्ये जे पाणी वाफ होऊन चक्र फिरविते, ते क्षारविरहित असावे लागते. पण तेच ते पाणी फिरत राहत असल्याने त्याची भर थोडीच घालावी लागते. खरा खप होतो तो त्या वाफेला पुन्हा थंड करण्यात. कूलिंग टॉवरमधून पाणी हवेत उडून जाते, मागे उरलेल्या पाण्यात क्षार साठत जातात, म्हणून त्यातील काही सोडून देऊन नवे घ्यावे लागते. या कामाला पिण्यायोग्य पाणी मुळीच लागत नाही.

केंद्र सरकारच्या २०१५ च्या निकषाप्रमाणे जुन्या संचांनी दर मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटरहून अधिक पाणी वापरू नये. दीपनगरचे ५०० मेगावॉटचे दोन संच पूर्ण भाराने चालले, तर या मर्यादेतही दिवसाकाठी ८ कोटी ४० लक्ष लिटर पाणी लागेल. ६६० मेगावॉटच्या नव्या संचाची गरज वेगळीच. दुसऱ्या बाजूस, २०११ च्या जनगणनेप्रमाणे जळगाव व भुसावळ या शहरांची लोकसंख्या मिळून सुमारे साडेसहा लक्ष होती. माणशी १३५ लिटर पाणी दिले आणि त्यातील ८० टक्के सांडपाणी झाले असे धरले, तर ते ७ कोटी लिटरच्या घरात जाते. दोन्ही आकड्यांतील जवळीक बोलकी आहे.

सांडपाणी शुद्ध करण्याची विद्या नवी नाही. गाळ खाली बसवावयाचा, हवा देऊन जिवाणूंकडून घाण खाववावयाची, आणि पुढच्या टप्प्यात गाळणी व निर्जंतुकीकरण करावयाचे. कूलिंग टॉवरसाठी अमोनिया व फॉस्फेटही कमी करावे लागतात. एरवी नळ्या गंजतात आणि त्यांत पुटे धरतात. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात पालो व्हर्डे हे अणुवीज केंद्र अशाच पाण्यावर थंड राखले जाते. इतके दूर जाण्याचेही कारण नाही : नागपूरच्या भांडेवाडी येथील दररोज १३ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प २०१५ पासून कोराडीच्या वीज केंद्रासाठी पाणी देऊ लागला. २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने तर सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक ठरविले. जळगाव आणि भुसावळ ही दोन्ही शहरे त्या अंतराच्या आत येतात.

अडचणी नाहीत असे नव्हे. उघड्या नाल्यांतून वाहणारे पाणी आधी भूमिगत गटारांत आणावे लागेल, आणि नळवाहिनीचा व उपशाचा खर्च येईल. त्याच धोरणाने हा खर्च वीजदरात धरण्यास मुभा दिली असल्याने त्याचा भार अखेर वीजग्राहकावर पडेल. नाल्याच्या पाण्यावर पिके काढणाऱ्या शेतकऱ्याचाही विचार करावा लागेल. म्हणूनच हा व्यवहार उघडपणे, हिशेब लोकांपुढे मांडून झाला पाहिजे.

परंतु आजचा व्यवहारही फुकटचा नाही. धरणाचे स्वच्छ पाणी वाफ करून उडवावयाचे आणि शहरांची घाण नदीत सोडावयाची, याची किंमत खाली राहणारी गावे मोजतच असतात. ती कोणाच्या बिलात दिसत नाही, एवढेच. दीपनगरने शहरांचे सांडपाणी स्वीकारले, तर हतनूरमध्ये वाचणारे पाणी उन्हाळ्यात नळाला आणि कालव्याला मिळू शकेल. घरोघरी दिवा लावणाऱ्या केंद्राने घरोघरचा हंडा रिता ठेवू नये, एवढी अपेक्षा खानदेशाने बाळगली तर ती अवास्तव म्हणता येणार नाही.