शिसेमुक्त दाबविद्युत सिरॅमिक : चिमूटभर डोपिंगने काय बदलते?



गॅसचा साधा लायटर दाबला की 'टक्' आवाज होतो आणि ठिणगी पडते. त्यात ना सेल असतो, ना वायर बोर्डाला जोडलेली. मग वीज येते कुठून? ती येते आतल्या सिरॅमिकच्या छोट्याशा तुकड्यातून. आज आपण त्या तुकड्याबद्दल समजून घेऊ या.

दाबविद्युत म्हणजे काय?

काही पदार्थांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतप्रभार तयार होतो. १८८० मध्ये फ्रान्समधील ज्याक व पिएर क्युरी या भावांनी हा गुणधर्म शोधला. याच्या उलटही घडतं. वीज दिली की असा पदार्थ किंचित लांबतो किंवा आखडतो. नांदेड-लातूरच्या दवाखान्यात सोनोग्राफी होते, तेव्हा पोटावर फिरणाऱ्या प्रोबमध्ये हेच काम चालू असतं.

सिरॅमिक भट्टीत भाजून तयार होतं. त्याच्या आत लहान लहान भाग असतात आणि प्रत्येकाची विद्युत दिशा वेगळी असते. परिपाठाच्या आधीचं मैदान आठवा, प्रत्येक मुलाचं तोंड वेगळीकडे! मोठा विद्युतदाब दिला की हे भाग 'सावधान'मध्ये आल्यासारखे बरेचसे एका दिशेला वळतात. त्यानंतरच तुकडा कामाचा होतो.

मग अडचण कुठे आहे?

सर्वात जास्त वापरलं जाणारं सिरॅमिक म्हणजे पीझेडटी, म्हणजेच लेड झिर्कोनेट टायटनेट. पुण्यात संरक्षण संशोधनाच्या एआरडीई या संस्थेतही त्यावर काम झालं आहे. पण त्याच्या वजनात जवळपास ६० टक्के शिसे असतं. वस्तू जपून वापरली तर त्रास नाही. प्रश्न येतो ती तयार करताना आणि भंगारात गेल्यावर, ती फोडताना-जाळताना. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं आणि त्याचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानलेलं नाही.

युरोपात १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांतील शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा आली. तरी पीझेडटीला सूट द्यावी लागली, कारण तोडीस तोड पर्याय तयार नव्हता. तो पर्याय शोधताना डोपिंग कामाला येतं.

डोपिंग म्हणजे काय?

स्फटिकात प्रत्येक आयनाची जागा ठरलेली असते, जशी वर्गात बाकावरची जागा. त्यातल्या काही जागांवर दुसऱ्या मूलद्रव्याचे आयन बसवायचे, याला डोपिंग म्हणतात. प्रमाण थोडंच असतं. पण कोण येऊन बसला आणि कुणाच्या जागेवर बसला, यावर सगळं ठरतं.

१) आकार बदलतो. पोटॅशियम सोडियम नायोबेट हे शिसेमुक्त सिरॅमिक बघा. साध्या पद्धतीने बनवलं तर १ न्यूटन बलाला सुमारे ८० पिकोकुलोम प्रभार मिळतो. (१ न्यूटन म्हणजे हातावर ठेवलेल्या १०० ग्रॅम वजनाइतकं बल.) २००४ मध्ये जपानी संशोधकांनी त्यात लिथियम, टँटलम व अँटिमनी घातलं, शिवाय कण एका दिशेत रचले. आकडा ४१६ वर गेला! पीझेडटीच्या चांगल्या प्रकारांना शोभेल असा.

असं का झालं? हा स्फटिक सुमारे २०० अंश सेल्सिअसला आपली रचना बदलतो. डोपिंगमुळे हा बदल खोलीच्या तापमानाजवळ आला. दोन रचना काठावर असल्या की आतली दिशा सहज वळते आणि प्रतिसाद वाढतो.

२) प्रभार बदलतो. टायटॅनियमच्या जागी कमी प्रभाराचं लोह किंवा मँगनीज बसवलं, तर हिशेब जुळवायला काही ऑक्सिजन जागा सोडतो. या रिकाम्या जागा आतल्या भागांना खिळवून ठेवतात. सिरॅमिक 'कडक' होतं. प्रतिसाद थोडा कमी होतो, पण उष्णतेच्या रूपात ऊर्जा कमी वाया जाते. जास्त प्रभाराचं नायोबियम बसवलं तर उलट, 'मऊ' होतं. पीझेडटीत हा नियम स्पष्ट दिसतो. शिसेमुक्त पदार्थांत मात्र तो दरवेळी इतका सरळ चालत नाही.

फायद्याची किंमत

बेरियम टायटनेटमध्ये कॅल्शियम व झिर्कोनियम घालून २००९ मध्ये सुमारे ६२० चा आकडा मिळाला. पण साधं बेरियम टायटनेट १२० अंशांपर्यंत हा गुण टिकवतं, ते या नव्या मिश्रणात सुमारे ९३ अंशांवरच संपतं. नायोबेटमध्ये बदलाचं तापमान खोलीजवळ आणलं, तर तापमान हललं की प्रतिसादही हलतो. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे पारा १०-१२ अंशांवर असतो आणि मे महिन्यात नांदेडला ४२-४३ वर जातो. एकच उपकरण दोन्ही वेळा सारखं चाललं पाहिजे ना!

म्हणून 'सगळ्यात चांगला डोपंट कोणता?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणत्या कामासाठी आणि किती तापमानात?' हेही विचारावं लागतं. आणि तोपर्यंत एक काळजी घ्या. बंद पडलेला लायटर किंवा वाजणारं खेळणं मुलांना फोडायला देऊ नका, कचऱ्यात जाळू नका. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्या.

सरावासाठी प्रश्न

१. सिरॅमिक भाजल्यावर त्याला मोठा विद्युतदाब का देतात?
२. लोहाच्या डोपिंगने सिरॅमिक 'कडक' का होतं?
३. घरातील दाबविद्युत वापरणाऱ्या दोन वस्तू शोधा व वहीत लिहा.