एकच संप्रेरक, तीन रूपे

रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की आपली नजर आधी आकड्यावर जाते. पण तो आकडा नेमके काय मोजतो? प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या बाबतीत हा प्रश्न विचारला नाही, तर रुग्णावर नको ते उपचार होऊ शकतात.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यातील काही पेशी प्रोलॅक्टिन बनवतात. बाळंतपणानंतर आईला दूध येते, त्यात याचा मोठा वाटा असतो. एरवी मेंदूतून येणारे डोपामिन या पेशींना लगाम घालते. या पेशींची गाठ झाली की प्रोलॅक्टिन वाढते. मग स्त्रियांची पाळी थांबते, बाळंतपण नसतानाही दूध येऊ लागते. अशा गाठी सहसा कर्करोगाच्या नसतात. कॅबरगोलीनसारखी औषधे डोपामिनचे काम करतात आणि बहुतेक गाठी आकसतात. काही मात्र दाद देत नाहीत. त्यांच्या पेशींवर डोपामिनला ओळखणारे ग्राही कमी असतात, हे त्याचे एक कारण.

आता औषध चालू असूनही आकडा उतरत नाही, एवढ्यावरून गाठ दाद देत नाही असे म्हणावे का? थोडे थांबायला हवे. रक्तातले सगळे प्रोलॅक्टिन सारखे नसते. नेहमीचे रूप म्हणजे 199 अमिनो आम्लांची एक साखळी. रेणुभार सुमारे 23 हजार. दुसरे रूप सुमारे 50 ते 60 हजारांचे. तिसऱ्याचा रेणुभार दीड लाखांच्याही वर जातो. त्याला मॅक्रोप्रोलॅक्टिन म्हणतात. यात प्रोलॅक्टिनला बहुधा शरीराचेच एक प्रतिपिंड चिकटलेले असते. एवढा मोठा रेणू केशवाहिन्यांच्या भिंती सहजी ओलांडत नाही, म्हणून पेशींवर त्याचा परिणाम नगण्य. शिवाय तो रक्तातून सावकाश बाहेर पडतो, त्यामुळे साठत जातो.

वर्गात हजेरी घेताना बाकावर बसलेले सगळेच मोजले जातात. गणित कोण सोडवत आहे हे हजेरीवरून कळत नाही. प्रोलॅक्टिनची नेहमीची तपासणी अशीच असते. ती कामाचे आणि निकामी, दोन्ही रेणू कमी-अधिक प्रमाणात मोजते.

यावर उपाय सोपा आहे. रक्तद्रवात पॉलिएथिलीन ग्लायकॉल मिसळले की मोठे रेणू साक्याच्या रूपात खाली बसतात. वरच्या द्रवातले प्रोलॅक्टिन पुन्हा मोजायचे. समजा, आधी आकडा 100 होता आणि आता 20 उरला. म्हणजे बराचसा भाग मॅक्रोप्रोलॅक्टिनचा होता. अशा रुग्णाची पाळी सुरू झाली असेल, चित्रणात गाठही आकसलेली दिसत असेल, तर औषध लागू पडले आहे. केवळ आकड्यासाठी मात्रा वाढवणे किंवा शस्त्रक्रियेचा विचार करणे चुकीचे ठरेल. उलट 100 पैकी 90 उरले, रुग्ण औषध नियमित घेत असला आणि गाठही तशीच असली, तर ती खरोखरच दाद देत नाही. तिथे मात्रा वाढवणे, औषध बदलणे किंवा शस्त्रक्रिया करणे यांचा विचार करावाच लागतो.

मापन म्हणजे केवळ आकडा नव्हे. काय मोजले, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही. प्रयोगवहीत निरीक्षणे लिहिताना विद्यार्थ्यांनाही हा प्रश्न जरूर विचारावा.